घरातली कीड आवरायची तर सुरुवात स्प्रेपासून करू नका

पुण्या-मुंबईत पहिल्यांदा स्वतःच्या जबाबदारीवर घर चालवायला घेतलं, की पहिल्या पावसाळ्यातच झुरळं, डास, उंदीर, वाळवी यांपैकी कुणी ना कुणी हजेरी लावतं. अशा वेळी दोनच मार्ग सुचतात. एक तर दुकानातून स्प्रेचा डबा आणायचा, नाहीतर पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करायचा. या दोन्हींची गरज पडू शकते, पण त्या शेवटच्या पायऱ्या आहेत. त्याआधीच्या पायऱ्या गाळल्या, की दर दोन-तीन महिन्यांनी तोच खर्च, तोच वास आणि पुन्हा तीच झुरळं, असं चक्र सुरू होतं. हा लेख त्या आधीच्या पायऱ्यांबद्दल आहे.

या पद्धतीला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात. तिचा जन्म शेतात झाला. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी लसूणघास या चाऱ्याच्या पिकावरच्या माव्याचा, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीचा, अभ्यास करून मांडलं, की कीड दिसली म्हणून सरसकट फवारणी करू नये. आधी ती मोजावी, नुकसान ठरावीक पातळीच्या पुढे जाणार असेल तरच औषध वापरावं आणि तेही कीड खाणाऱ्या मित्रकीटकांना जपून. आपल्याकडे १९८५ पासून सरकारच्या पीकसंरक्षण धोरणात हाच विचार आहे. घरासाठी तो थोडा बदलावा लागतो. शेतात काही प्रमाणात कीड चालते. घरात ढेकूण एकही चालत नाही आणि मुंगी दिसली म्हणून औषधाला हात घालायचं कारण नसतं. क्रम मात्र तोच राहतो: ओळखा, मोजा, तिचं अन्न-पाणी-आडोसा तोडा, वाटा बंद करा आणि मग उरेल तेवढ्यावरच औषध वापरा.

सगळ्यात जास्त घरांत झुरळं असतात आणि सगळ्यात जास्त चुकीचे उपायही त्यांच्यावरच होतात. म्हणून या पायऱ्या झुरळांच्या आधाराने सविस्तर सांगतो. डास, उंदीर, वाळवी यांच्याकडे नंतर येऊ.

पहिली पायरी: नेमकं कोण आहे ते ओळखा

आपल्या घरांत मुख्यतः दोन झुरळं आढळतात आणि त्यांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. एक मोठं, लालसर तपकिरी, सुमारे चार सेंटिमीटर लांबीचं. ते राहतं गटारात, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये, डक्टमध्ये. रात्री नहाणीघराच्या जाळीतून वर येतं आणि बहुधा तिथूनच परत जातं. दुसरं छोटं, फिकट तपकिरी, जेमतेम दीड सेंटिमीटरचं, डोक्यामागे दोन उभे काळे पट्टे असलेलं. हे जर्मन झुरळ. ते बाहेरून येऊन-जाऊन राहत नाही, तुमच्या स्वयंपाकघरातच संसार थाटतं: ट्रॉलीच्या बिजागरीत, फ्रिजच्या मोटरजवळ, मिक्सरच्या तळाशी, ओट्याखालच्या फटीत.

नाव जर्मन असलं तरी त्याचं मूळ आपल्याच बाजूचं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हे झुरळ सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून वेगळं झालं आणि माणसाच्या वस्तीला चिकटूनच जगभर पसरलं. माणसाच्या इमारतीबाहेर ते टिकत नाही. म्हणून त्याचा बंदोबस्तही इमारतीच्या आतच करावा लागतो.

याच्या मादीच्या एका अंडपिशवीत ३० ते ४० अंडी असतात आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती पिशवी स्वतःच्या अंगाला लावून फिरते. आपल्या उष्ण हवेत पिल्लू दोन-तीन महिन्यांत प्रौढ होतं. दिवसाउजेडी ओट्यावर छोटं झुरळ फिरताना दिसलं, तर आतल्या लपायच्या जागा भरल्या आहेत असं समजा.

दुसरी पायरी: मोजा आणि लिहून ठेवा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच.

झुरळांसाठी चिकट सापळे मिळतात. पुठ्ठ्याची छोटी घडी असते, आत गोंद असतो. स्वयंपाकघरात चार आणि नहाणीघरात एक-दोन लावा: सिंकखाली, फ्रिजमागे, शेगडीच्या बाजूला, ट्रॉलीच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. सापळा भिंतीला टेकवून, कोपऱ्यात ठेवायचा, कारण झुरळ उघड्यावरून न जाता भिंतीच्या कडेकडेने पळतं. प्रत्येक सापळ्यावर पेनने तारीख आणि जागा लिहा. आठवड्याने उघडा, मोजा, वहीत नोंद करा.

यातून तीन गोष्टी कळतात. सगळ्यात जास्त झुरळं ज्या सापळ्यात सापडली, त्याच्या हातभर अंतरात त्यांचा अड्डा आहे. बारीक पिल्लं जास्त असतील, तर पैदास तिथेच चालली आहे. आणि उपाय केल्यानंतर आकडा घटतोय की नाही हे अंदाजाने न ठरवता डोळ्यांनी पाहता येतं. पेस्ट कंट्रोलवाला ‘आता कमी होतील, मॅडम’ म्हणतो तेव्हा ही वही तुमच्या बाजूने बोलते.

टॉर्च घेऊन रात्री अकरानंतर एकदा स्वयंपाकघरात जा. दिवा लावू नका, थेट टॉर्च मारा. कोण कुठल्या फटीत पळतं ते दिसेल. दिवसा त्याच फटीजवळ मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसतात, ती त्यांची विष्ठा.

तिसरी पायरी: पाणी, अन्न, आडोसा

जर्मन झुरळ अन्नावाचून बराच काळ तग धरतं, पाण्यावाचून मात्र साधारण दोन आठवड्यांत संपतं. म्हणून सुरुवात पाण्यापासून करा. गळणारा नळ, सिंकखालच्या पाइपचा घाम, रात्रभर ओला राहणारा घासणीचा डबा, फ्रिजमागचा ट्रे, मिठाच्या बरणीखालचं ओलं फडकं हे सगळे पाणवठेच आहेत. रात्री शेवटचं काम म्हणून सिंक आणि ओटा कोरड्या फडक्याने पुसा. पाच मिनिटांच्या या कामाला कुठलंही औषध पर्याय नाही.

अन्नाच्या बाबतीत नुसता ओटा पुसून भागत नाही. शेगडीखालचा तेलकट थर, ट्रॉलीच्या पट्ट्यांत अडकलेलं पीठ, चिमणीच्या जाळीवरचा मेणचट थर, देवघरातल्या प्रसादाचा चुरा, हे सगळं झुरळाला पुरतं. ओला कचरा रात्रभर घरात ठेवणं भागच असेल, तर झाकणाच्या डब्यात ठेवा.

आडोसा म्हणजे पुठ्ठा. ऑनलाइन मागवलेल्या सामानाची खोकी माळ्यावर रचून ठेवायची सवय आपल्याला लागली आहे. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्यातल्या पोकळ्या झुरळाच्या पिल्लांना अगदी मापाच्या असतात. कांद्या-बटाट्याची गोणी आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा यांचंही तेच. खोकी त्याच दिवशी बाहेर काढा, साठवण झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत करा.

चौथी पायरी: वाटा बंद करा

इथे थोडं गवंडीकाम आणि थोडं प्लंबिंग येतं. सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे बहुतेक घरांत मोठी पोकळी असते, कारण पाइप बसवणाऱ्याने भोक मोठं पाडलेलं असतं आणि नंतर ते कुणी बुजवलेलं नसतं. पलीकडे डक्ट असतो आणि डक्टमधून सगळे मजले जोडलेले असतात. ती पोकळी सिमेंटने भरा. ओटा आणि भिंत यांच्यातल्या सांध्यात सिलिकॉन भरा, टाइल्समधल्या सांध्यांत व्हाइट सिमेंट. ट्रॉलीच्या मागच्या प्लायवूडला विजेच्या वायरसाठी पाडलेली भोकंही विसरू नका.

मोठ्या झुरळांसाठी नहाणी ट्रॅप पाहा. बाथरूमच्या जाळीखाली जो वाकडा भाग असतो, त्यात कायम सुमारे पाच सेंटिमीटर पाणी साचून राहायला हवं. तेच पाणी ड्रेनेजचा वास आणि झुरळं अडवतं. पाहुण्यांसाठीचं बाथरूम महिनाभर वापरलं नाही, तर ते पाणी आटतं आणि गटारातली झुरळं सरळ वर येतात. उपाय अगदी साधा आहे. न वापरलेल्या प्रत्येक जाळीत आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. वर झुरळ-रोधक जाळी मिळते, ती बसवा. वॉशिंग मशीनचा पाइप नुसता जाळीत खुपसलेला असेल, तर त्याभोवतीची फट रबरी झाकणाने बंद करा.

पाचवी पायरी: औषध, नेमक्या जागी

इतकं केल्यावर जी झुरळं उरतील त्यांच्यासाठी जेल. त्यात झुरळाला आवडणारं खाद्य असतं आणि फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडसारखं औषध अगदी थोड्या प्रमाणात. झुरळ ते खाऊन फटीत परततं आणि तिथे मरतं. त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ इतर झुरळं खातात, त्यामुळे न खाल्लेल्यांपर्यंतही औषध पोचतं. हा फायदा स्प्रेला नाही.

जेल लावताना मसुराच्या दाण्याएवढे छोटे ठिपके भरपूर ठिकाणी लावा, दोन-चार मोठे गोळे नकोत. वहीत जिथे आकडा जास्त, तिथे जास्त ठिपके: बिजागऱ्या, कप्प्यांचे वरचे कोपरे, फ्रिजच्या दाराच्या रबराजवळ. ताटं-वाट्यांच्या कप्प्यात पृष्ठभागावर लावू नका, पोरांचा हात पोचेल तिथे तर नाहीच. दोन आठवड्यांनी सापळे पुन्हा लावा, संपलेले ठिपके पुन्हा भरा. पहिल्या वेळी अंडपिशवीत सुरक्षित राहिलेली पिल्लं तोवर बाहेर आलेली असतात, म्हणून दुसरी फेरी टाळू नका.

एक सूचना कळकळीने करतो. जेल लावलेल्या जागी किंवा आसपास स्प्रे मारू नका, तिथे फिनाइलनेही पुसू नका. दुकानातल्या बहुतेक स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड गटाची औषधं असतात. त्या वासाने झुरळ ती जागा टाळतं, जेलही खात नाही आणि शेजारच्या फटीत किंवा शेजारच्या फ्लॅटमध्ये सरकतं. वर्षानुवर्षांच्या फवारणीने जर्मन झुरळांत या औषधांना प्रतिकारही तयार झाला आहे. इतकंच काय, जेलमधल्या साखरेचाही काही झुरळांनी धसका घेतला. ग्लुकोज असलेलं आमिष टाळणारी झुरळं अमेरिकेत सापडल्याचं १९९३ मध्येच प्रसिद्ध झालं होतं. ठिपके तसेच सुकून जात असतील आणि सापळ्यातला आकडा घटत नसेल, तर वेगळ्या घटकाचं, वेगळ्या कंपनीचं जेल घ्या.

बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या हा आपल्याकडचा जुना उपाय खरोखर काम करतो, मात्र सावकाश. पण बोरिक पावडर रांगत्या मुलाच्या किंवा कुत्र्या-मांजराच्या पोटात गेली तर घातक आहे. घरात रांगतं मूल असेल तर गोळ्या ठेवूच नका. खडूच्या रेघांबद्दलही हेच. त्या खडूत कीटकनाशक असतं आणि तो लहान मुलांना खेळण्यासारखा दिसतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. झुरळांच्या विष्ठेतले आणि अंगावरचे कण दमा बळावायला कारण होतात. न्यूयॉर्कमधल्या सरकारी गृहसंकुलांत केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फटी बुजवणं, स्वच्छता आणि जेल या वाटेने गेलेल्या घरांत नेहमीच्या पद्धतीपेक्षा झुरळंही कमी झाली आणि ॲलर्जीचे कणही. घरात दम्याचं मूल असेल, तर हा मुद्दा माझ्या दृष्टीने बाकी सगळ्यांच्या वर आहे.

डास: आठवड्याचा कोरडा दिवस

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. गटारावर औषध मारून तो जात नाही. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करायची. बादल्या, कुंडीखालच्या ताटल्या, मनी प्लांटची बाटली, फ्रिजचा ट्रे, एसीच्या पाण्याची बादली. गच्चीवर पावसाळ्यात घातलेल्या निळ्या ताडपत्रीच्या घड्या तर हमखास सुटतात. नुसतं पाणी ओतून देऊ नका, काठ घासणीने घासा. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरड्यात महिनोन्महिने जिवंत राहतात.

मुंबईत शहरी मलेरियाचा ॲनोफेलिस स्टीफेन्साय हा डास गच्चीवरच्या टाक्या आणि विहिरी पसंत करतो. टाकीचं झाकण घट्ट बसतं का, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का, हे सोसायटीने पावसाळ्याआधी पाहायलाच हवं. जिथे पाणी काढून टाकता येत नाही, उदाहरणार्थ कारंज्यात किंवा वापरात नसलेल्या विहिरीत, तिथे गप्पी मासे सोडा. महापालिकेच्या किंवा आरोग्य विभागाच्या कीटकनियंत्रण विभागाकडे ते मागता येतात. बीटीआय नावाचं जिवाणूजन्य औषधही आहे. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडलेला हा जिवाणू डासांच्या अळ्या मारतो आणि माशांना, माणसांना इजा करत नाही.

धुराची गाडी आली की लोकांना समाधान वाटतं, ते मी समजू शकतो. पण त्या धुराने त्या क्षणी उडणारे डासच मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काहीही होत नाही. आठवड्याने पुढची फळी तयार. खिडक्यांना बारीक जाळी आणि झोपताना मच्छरदाणी, विशेषतः दिवसा झोपणाऱ्या बाळांसाठी, यावर पैसे खर्च करा.

उंदीर आणि घुशी

घरातल्या छोट्या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, मोठ्या उंदराला साधारण बारा. दाराखालून पेन्सिल आत सरकत असेल तर छोटा उंदीरही येऊ शकतो. दाराच्या तळाला पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी लावा. भोकं बुजवताना नुसतं सिमेंट भरलं तर ते ओलं असतानाच उंदीर उकरतो, म्हणून आधी भांडी घासायची स्टीलची तार कोंबा आणि वरून सिमेंट. एसीच्या पाइपाचं भोक आणि गॅस पाइपलाइनचं भोक ही हमखास वाट.

पिंजरा किंवा सापळा भिंतीला लागून ठेवा. सुकट, तळलेलं भजं, भाजलेले शेंगदाणे असं आमिष चालतं. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून पहिले तीन-चार दिवस सापळा न लावता नुसतं खाणं ठेवा, त्याला सवय झाली की मग सापळा ताणा. गोंदाच्या पट्ट्या वापरू नका. त्यात अडकलेला प्राणी तासन्‌तास तडफडत मरतो, आणि त्यात पाल, चिमणीसुद्धा अडकते. लांब तोंडाची, उग्र वासाची, भिंतीच्या कडेने चिरचिरत पळणारी चिचुंद्री ही उंदीर नाही. ती झुरळं-किडे खाते, तिला मारू नका, दार उघडून बाहेर घालवा.

विषाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. घरात विष ठेवलं, तर उंदीर डक्टमध्ये किंवा माळ्यावर मरतो आणि आठवडाभर वास येतो. ते खाल्लेला उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला, तर तेही दगावू शकतात. पिवळा फॉस्फरस असलेली ट्यूबमधली पेस्ट तर घरात आणूच नका. ती यकृत निकामी करते आणि तिच्यावर उतारा नाही. सोसायटीच्या आवारात विष वापरायचंच असेल, तर ते कुलूपबंद आमिषपेटीत, परवानाधारकाकडूनच.

उंदरांचा प्रश्न बहुतेक वेळा कचऱ्याच्या खोलीत सुरू होतो. रात्री उघडी राहिलेली कचरापेटी, कबुतरांना टाकलेलं धान्य, मांजरांसाठी जिन्यात ठेवलेली दूध-पोळी, हेच उंदरांचं रात्रीचं जेवण. पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायरी कुरतडल्या की सगळे हैराण होतात, पण कबुतरांच्या दाण्यांचा विषय कुणी काढत नाही. तो काढायला हवा. पावसाळ्यात तर लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचाही) धोका असतो, कारण उंदरांच्या मुतातले जिवाणू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमांतून शरीरात शिरतात.

उंदरांना थारा देणारी जागाच बदलावी लागते, हा धडा मुंबईला फार महागात मिळालेला आहे. १८९६ मध्ये उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरणारा प्लेग आला तेव्हा सुरुवातीला भर घरं धुण्यावर आणि जंतुनाशकं ओतण्यावर होता. पुढे १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि कोंदट वस्त्या मोकळ्या करून रुंद रस्ते, हवेशीर घरं बांधण्याचं काम हाती घेतलं गेलं.

वाळवी

भिंतीवर, चौकटीवर मातीची बारीक नळी दिसली की वाळवी. नळीचा बोटभर तुकडा मोडून ठेवा. दोन-चार दिवसांत ती पुन्हा बांधली गेली, तर वसाहत चालू आहे. पेचकसाच्या मुठीने चौकट ठोका, पोकळ आवाज आला तर आतलं लाकूड संपलेलं आहे. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाले किडे येतात, तेव्हा मुंगी की वाळवी हे पाहायला शिका. मुंगीची कंबर बारीक, मिश्या कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. वाळवीची कंबर जाड, मिश्या सरळ, चारही पंख सारख्या लांबीचे. बाहेरून दिव्याकडे आले असतील तर खिडक्या लावा आणि झाडून टाका. पण ते तुमच्याच भिंतीतून बाहेर पडत असतील, तर तपासणी करून घ्या.

नळीवर रॉकेल किंवा स्प्रे मारून दिसणारी वाळवी मरते, जमिनीतलं वारूळ तसंच राहतं. राहत्या घरातल्या उपचारासाठी भारतीय मानक आयएस ६३१३ चा तिसरा भाग आहे. त्यानुसार तळमजल्यावर भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण ३० सेंटिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून त्यांतून औषध जमिनीत पोचवतात आणि भोकं बुजवतात. काम करणारा याहून वेगळं काही सुचवत असेल तर कारण विचारा. नवं घर बांधत असाल, विशेषतः कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांत आणि लाकडी वाशांत, तर पायाच्या वेळीच बांधकामपूर्व उपचार करून घ्या. पुढे शंभर भोकं पाडण्यापेक्षा ते सोपं आणि स्वस्त. वरच्या मजल्यावर वाळवी निघाली तर आधी गळती शोधा. ओल बंद झाल्याशिवाय उपचार टिकत नाही.

प्लायवूडमधून किंवा बांबूच्या फर्निचरमधून पिठासारखा भुसा पडत असेल आणि टाचणीएवढी भोकं असतील, तर तो भुंगेरा आहे, वाळवी नव्हे. जमिनीतल्या औषधाने त्याला काही होत नाही.

ढेकूण आणि धान्यातले किडे

ढेकणांनी कुठलाही रोग पसरल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण झोप मात्र उडते. ते जुन्या फर्निचरमधून, होस्टेलच्या गादीतून, प्रवासाच्या बॅगांतून येतात. गादीच्या शिवणी आणि पलंगाचे सांधे टॉर्चने पाहा. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा, पलंग भिंतीपासून दूर सरकवा, गादीला चेन असलेलं पूर्ण आवरण घाला. दुकानातल्या स्प्रेला बरेचसे ढेकूण दाद देत नाहीत. इथे जाणकार माणूस बोलवाच, आणि एका फेरीत संपतील असं धरून चालू नका.

धान्याला सोंडे लागू नयेत म्हणून उन्हात कडकडीत वाळवणं, कोरड्या हवाबंद डब्यात भरणं, डाळींना एरंडेलाचा हात लावणं हे आपले जुने उपाय पुरेसे आहेत. रवा, मैदा असं थोडं सामान तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं तर आतली अंडीही मरतात. पाऱ्याच्या टिकड्या घालणं थांबवा.

आणि इथे एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. गोदामातल्या धान्यासाठी वापरायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही, कुठल्याही कारणाने वापरू नका. ढेकूण किंवा उंदीर मारण्यासाठी या गोळ्या फ्लॅटमध्ये ठेवल्याने माणसं मेली आहेत, कधीकधी शेजारच्या फ्लॅटमधली, लहान मुलं. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, तो भिंतीतल्या फटींतून आणि डक्टमधून पसरतो, आणि त्याच्यावर उतारा नाही. कुणी पेस्ट कंट्रोलवाला ‘गोळी ठेवतो, सहा तास दार बंद ठेवा’ म्हणाला, तर त्याला काम करू देऊ नका. पेस्ट कंट्रोलनंतर घरात किंवा शेजारी कुणालाही मळमळ, उलट्या, दम लागणं सुरू झालं, तर सगळ्यांनी बाहेर पडा, १०८ ला फोन करा, आणि कुठलं औषध वापरलं ते डॉक्टरांना सांगा.

पेस्ट कंट्रोलवाल्याला काय विचारायचं

घरोघरी व्यावसायिक कीडनियंत्रण करणाऱ्याला कीटकनाशक कायदा, १९६८ खालचा परवाना लागतो. परवाना दाखवायला सांगा. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. औषध कंपनीच्या मूळ डब्यातूनच काढलं पाहिजे. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीतून आणलेलं बिनलेबलचं औषध दिसलं तर काम तिथेच थांबवा. लेबलवर घटकाचं नाव, नोंदणी क्रमांक आणि चौकोनी चिन्हातला रंग पाहा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. डायक्लोरव्हॉस, म्हणजे पूर्वी सर्रास वापरलं जाणारं ‘नुवान’, यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कुणी अजून ते आणत असेल तर जुना साठा किंवा बेकायदा माल आहे.

‘हर्बल’ आणि ‘बिनवासाचं’ या शब्दांनी निश्चिंत होऊ नका. वास नसणं आणि विष नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटक विचारा. घरात माशांची टाकी असेल तर आधी सांगा: पायरेथ्रॉइड औषधं माशांसाठी फार घातक आहेत, टाकी झाकून हवेचा पंप बंद ठेवावा लागतो. मांजर असेल तर पर्मेथ्रिन नको. गरोदर बाई, तान्हं बाळ, दम्याचा रुग्ण असेल तर फवारणीऐवजी जेल आणि सापळेच मागा. प्लगमध्ये खोचायच्या अल्ट्रासॉनिक यंत्रांवर पैसे घालवू नका. त्यांच्या दाव्यांना शास्त्रीय आधार नसल्याबद्दल अमेरिकेच्या ग्राहकसंरक्षण खात्याने २००१ मध्ये साठहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना ताकीद दिली होती.

सोसायटीचं काम

एकट्या फ्लॅटने कितीही केलं तरी डक्ट, चेंबर, कचऱ्याची खोली आणि गच्ची सगळ्यांची असते. वरच्या मजल्यावर स्प्रे झाला की खालच्या मजल्यावर झुरळं वाढतात, हे बऱ्याच इमारतींत अनुभवाला येतं. म्हणून वार्षिक करार फ्लॅटनिहाय न करता पूर्ण विंगचा करावा, आणि जेलची फेरी एकाच आठवड्यात सगळ्या मजल्यांवर व्हावी. ज्यांचं घर बंद असतं त्यांच्या किल्लीची सोय आधीच करून ठेवा, कारण एक बंद फ्लॅट पूर्ण विंगचं काम वाया घालवतो.

करारात ‘वर्षातून तीन फवारण्या’ असं न लिहिता काम लिहा: दर महिन्याला चेंबर आणि डक्टची पाहणी, प्रत्येक मजल्यावरच्या सापळ्यांची मोजणी, डक्टमधली भोकं बुजवणं, आणि प्रत्येक भेटीनंतर कुठे कुठलं औषध किती वापरलं याची सहीसकट नोंद. ती नोंदवही वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, कुणाही रहिवाशाला पाहता येईल अशी. बाहेर धुराची फवारणी करायची ठरलीच, तर आदल्या दिवशी नोटीस बोर्डावर वेळ आणि औषधाचं नाव लावा. मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, टाक्यांची झाकणं, ओव्हरफ्लोच्या जाळ्या, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी आणि गच्चीवरचं भंगार यांची एक फेरी मारा. लिफ्टचा खड्डा पाहायला लिफ्टवाल्या तंत्रज्ञालाच बोलवावं लागतं, त्याची तारीख एप्रिलमध्येच घ्या.